‘डेट रिलीफ ऑर्डर’ आपल्याकडे चालते का? दुकानाचं भाडं थकलंय, हप्तेही चालू आहेत (जळगाव)

गिरणाथडी

राम राम मंडळी. मेव्हण्याच्या वतीने विचारतोय, आकडे त्याच्या वहीतले आहेत.

जळगाव शहरात खासगी मालकाचं दुकान भाड्याने, मोबाइल रिपेअरिंग आणि ॲक्सेसरीज. भाडं ९,०००. पाच महिने थकलं, म्हणजे ४५,०००. मालकाच्या वकिलाची नोटीस १८ तारखेला हातात पडली: १५ दिवसांत रक्कम भरा आणि दुकान खाली करा.

कर्जं अशी. खासगी बँकेचं पर्सनल लोन, बाकी २,४०,०००, हप्ता ८,२००. पतसंस्थेचं १,८०,०००, हप्ता ६,०००, दोन जामीनदार, सहा कोरे चेक दिलेले. फायनान्स कंपनीकडून मोटरसायकल, ११ हप्ते बाकी, हप्ता ३,८५०. शिवाय दोन वर्षांपूर्वी १८ ग्रॅम सोनं ठेवून ७०,००० उचललेले, व्याजही थकलंय. सोन्याचं सोडून सगळे हप्ते कसेबसे भरतोय, त्यापायीच भाडं मागे पडलं.

माल आणि वीजबिल जाऊन महिन्याला २९,००० हातात येतात. त्यातून भाडं द्यायचं. घर अमळनेरला वडिलोपार्जित आहे, त्यावर बोजा नाही.

आता एका कंपनीची रील फिरतेय: “सरकारी डेट रिलीफ ऑर्डर काढून देतो, हप्ते बंद, थकलेलं भाडंही त्यातच माफ, फी १५,०००.” असा काही आदेश खरंच असतो का? आणि असलाच तर चालू हप्ते आणि थकलेलं भाडं यांचं काय होतं?

---

दस्तनोंद

आदेश खरा आहे, पण तो इंग्लंड आणि वेल्समध्ये. जळगावच्या कोणत्याही कोर्टात या नावाचा अर्ज होत नाही. १५,००० खिशातच राहू द्या.

तिकडे तो २००९ पासून आहे. जून २०२४ पासूनची मर्यादा अशी: एकूण कर्ज ५०,००० पौंडांपर्यंत, मालमत्ता २,००० पर्यंत, गाडी ४,००० पर्यंत, आणि घरखर्च भागवून महिन्याला ७५ पौंडांपेक्षा जास्त शिल्लक नको. आधी ९० पौंड फी होती, ती एप्रिल २०२४ पासून काढली. अर्ज स्वतः करता येत नाही, मान्यताप्राप्त सल्लागारामार्फतच जातो. आदेश झाला की यादीतल्या सावकारांना बारा महिने वसुली करता येत नाही आणि त्या काळात कर्जदाराची परिस्थिती सुधारली नाही तर शेवटी ती कर्जं पुसली जातात.

भाड्याची गंमत मात्र बघण्यासारखी आहे. थकलेलं भाडं यादीत घालता येतं, म्हणजे त्या पैशासाठी घरमालक कर्जदाराच्या मागे लागू शकत नाही. पण घराचा ताबा मागण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो. २०११ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हे स्पष्ट केलं: आदेश पैशाच्या वसुलीला थांबवतो, ताब्याला नाही. त्यामुळे ज्याला घर टिकवायचंय तो माणूस यादीत असलेली थकबाकीसुद्धा पुष्कळदा आपणहून भरतो. चालू महिन्याचं भाडं तर भरावंच लागतं, आदेशानंतरचं काहीच त्यात येत नाही. हायर पर्चेसवरची (हप्ते फिटेपर्यंत कंपनीच्याच मालकीची) गाडी कंपनी उचलू शकते. कर्जात दुसऱ्याचं नाव असेल किंवा जामीनदार असेल तर तो सुटत नाही. कोर्टाचे दंड, मुलांची पोटगी, शिक्षणकर्ज हे सगळं बाहेर.

म्हणजे ‘थकलेलं भाडंही माफ’ हे रीलमधलं वाक्य जिथे हा आदेश मिळतो तिथेही अर्धवटच खरं आहे.

आपल्याकडे याचं भावंड कागदावर आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम ८० पासून पुढे ‘नवी सुरुवात’ नावाची प्रक्रिया लिहिलीय. तिची मर्यादा वाचा: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, आणि स्वतःचं घर नको. वसुलीला स्थगिती १८० दिवसांची. तुमच्या मेव्हण्याचं एका दुकानाचं थकलेलं भाडंच ४५,००० आहे. आणि मर्यादा बसली असती तरी उपयोग नव्हता, कारण संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. सामान्य कर्जदारासाठी तो लागू केलेलाच नाही.

---

बिनभाड्याचा

दादा सरळ सांगतो, सगळे हप्ते बंद करा. पर्सनल लोनला तारण नाही, बँक काही वाकडं करू शकत नाही.

---

तापीकाठ

वरच्या सल्ल्यात निम्मं बरोबर आहे, पण उरलेलं निम्मं महागात पडेल.

तारण नाही म्हणजे बँकेला थेट काही जप्त करता येत नाही, दिवाणी दावा करून हुकूमनामा घ्यावा लागतो, इतपत खरं. पण हप्ता ऑटो-डेबिटने जातो ना? खात्यात पैसे नसल्यामुळे तो परत गेला की पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ चं कलम २५ लागतं. ते चेक बाउन्सच्या कलम १३८ सारखंच आहे. बँकेने ३० दिवसांत नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत भरायचं, नाहीतर फौजदारी तक्रार. पतसंस्थेकडे कोरे चेक आहेत, तिथे १३८ आहेच. कुठलाही ‘आदेश’ दाखवून हे खटले थांबत नाहीत. अशी नोटीस आली तर १५ दिवसांत निदान तो एक हप्ता भरून टाकायचा आणि भरल्याची पावती वकिलामार्फत उत्तरासोबत पाठवायची.

शिवाय ज्या बँकेचं कर्ज तिथेच बचत खातं किंवा एफडी असेल तर बँक ते पैसे कर्जात वळते करून घेते. दुकानाच्या क्यूआर कोडचे पैसे त्याच खात्यात येत असतील तर आधी ते खातं बदला. कर्ज बुडवायला सांगत नाहीये. माल भरायला ठेवलेले पैसे एका रात्रीत गायब झाले तर दुकानच बंद पडेल.

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. त्यानंतर एखादा हप्ता भरून ते पुन्हा नीट होत नाही, मागचं सगळं मुद्दल-व्याज भरावं लागतं. एका बँकेत दोन कर्जं असतील तर एक बुडालं की दोन्ही एनपीए धरतात. म्हणून जे काही बोलायचं ते ९० दिवसांच्या आत. अजून हप्ते चालू आहेत, म्हणजे बोलण्याची हीच वेळ आहे.

आता खरी आग कुठे लागलीय ते बघा. पर्सनल लोनवाल्याला कोर्टातून वसुली करायला बराच काळ जातो. दुकान गेलं तर कमाईच जाते. तरी तो हप्ते भरतोय आणि भाडं थकवतोय! हा क्रम उलटा करायचा.

नोटिशीतल्या ‘१५ दिवस’वर घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १५. थकबाकीच्या कारणावरून दावा लावायचा तर मालकाला लेखी मागणीनंतर ९० दिवस थांबावं लागतं. १८ तारखेपासून ९० मोजा. त्या मुदतीत पूर्ण थकबाकी दिली तर त्या कारणावर दावाच उभा राहत नाही. समजा दिली नाही आणि दावा झाला, तर समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत तोवरची सगळी बाकी, तिच्यावर द.सा.द.शे. १५ टक्के सरळ व्याज आणि कोर्ट सांगेल तो खर्च कोर्टात भरला तर या कारणावर बेदखलीचा हुकूम होत नाही. सहा महिन्यांनी भरलं तर ४५,००० वर व्याजच ३,३७५ होतं, ते फार नाही. मात्र त्या सहा महिन्यांचं भाडंही सोबत द्यावं लागेल.

कोर्टात एकदा पैसे भरले की संपलं असं नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडं वेळेवर भरत राहायला लागतं, आणि मधले एकदोन महिने राहून गेले तर कलमाचं संरक्षण जातं. पाय घसरण्याची जागा ही. पंचेचाळीस हजार उभे करणारा माणूस पुढचे नऊ हजार विसरतो.

एक विचारायचं राहिलं. कागद कोणता आहे? भाडेकरार की लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरण्याची नुसती परवानगी)? वर लिहिलेलं सगळं भाडेकरूसाठी आहे.

---

गिरणाथडी

कागदावर ‘भाडेकरार’ लिहिलंय. ११ महिन्यांचा, स्टॅम्पवर, नोटरी केलेला, रजिस्टर नाही. पाच वर्षांपूर्वीचा. पुढे नवा केलाच नाही, मालक भाडं घेत राहिला. डिपॉझिट ५०,००० आहे. मालक पावती देत नाही, पैसे कधी रोख कधी फोन-पे.

---

दस्तनोंद

चांगलं आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकलीय. तो नोंदवला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू म्हणेल ते कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. न नोंदवल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंडाची तरतूदही आहे. हे शस्त्र दाखवून भांडण वाढवू नका, पण वकिलाच्या उत्तरात एक ओळ असू द्या. तेवढ्यानेच बोलणी सोपी होतात.

पावती देणंही मालकावर बंधनकारक आहे. देत नसेल तर इथून पुढे रोख एक रुपया नाही. आणि पैसे पाठवताना शेऱ्यात काय लिहिता याला फार किंमत आहे. करार कायद्याचं कलम ५९ सांगतं की देणाऱ्याने ‘हे अमुक देण्यापोटी’ असं सांगून पैसे दिले आणि घेणाऱ्याने ते ठेवून घेतले तर त्याच देण्यात जमा धरावे लागतात. काही न लिहिता ९,००० पाठवले तर मालक ते सहा महिने जुन्या बाकीत टाकू शकतो आणि या महिन्याचं भाडं पुन्हा थकलेलंच दिसेल. म्हणून दर वेळी ‘चालू महिन्याचं भाडं’ आणि महिन्याचं नाव. थकबाकीचा हप्ता वेगळा पाठवायचा, त्याचा शेरा वेगळा.

डिपॉझिटबद्दल: ‘५०,००० तुमच्याकडे आहेतच, त्यातून ४५,००० कापा’ असं तोंडी बोलून चालत नाही. डिपॉझिट आपोआप भाड्यात वळतं होत नाही. मालक तयार असेल तर साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या: इतके महिने, इतकी रक्कम डिपॉझिटमधून वजा, नोटीस मागे घेतली, उरलेलं डिपॉझिट इतकं. मालक म्हणेल डिपॉझिट पुन्हा भर. त्याला सहा महिन्यांची मुदत मागा.

मालकाने कुलूप लावलं किंवा वीज तोडली तर? दोन्ही बेकायदा. वीज-पाणी तोडण्याला याच कायद्याचं कलम २९ आडवं येतं. जबरदस्तीने ताबा काढला तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो, पण सहा महिन्यांच्या आत.

---

शेंदुर्णीकर

मधेच विचारतो, महापालिकेच्या गाळ्यालाही हे ९० दिवस मिळतात का?

---

दस्तनोंद

नाही. सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागूच नाही. पालिकेच्या गाळ्यावर महानगरपालिका अधिनियमाचं कलम ८१-ब चालतं, नोटीस आणि सुनावणी आयुक्तांच्या पातळीवर होते. तिथे गाळेधारकाने सुनावणीला हजर राहून लेखी म्हणणं देणं हाच पहिला बचाव. वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

---

हिशेबी

मी फक्त आकडे बघतो.

२९,००० वजा भाडं ९,००० = २०,०००. घरखर्च १२,००० धरला (अमळनेर-जळगाव येणं-जाणं आणि मुलांची फी यात बसते का ते त्याला विचारा). उरले ८,०००. हप्ते ८,२०० + ६,००० + ३,८५० = १८,०५०. म्हणजे दर महिन्याला १०,०५० ची तूट, आणि भाडं ९,००० थकतंय. भाडं न भरून तो दुसऱ्यांचे हप्ते भरतोय, हे वहीच सांगतेय.

पहिलं काम सोन्याचं. ७०,००० उचलले तेव्हाचा भाव आणि आजचा भाव यात मोठा फरक आहे. १८ ग्रॅमची आजची किंमत काढा, त्यातून मुद्दल, थकलेलं व्याज आणि मोडीची घट वजा करा. चांगली रक्कम उरायला हवी. सोनं लिलावात गेलं तर काय भाव येईल ते आपल्या हातात नाही, वर लिलावाचा खर्च कापून जातो. लिलावातून देणं फिटून उरलेली रक्कम कर्जदाराचीच असते, ती मागून घ्यायची. पण लिलावापर्यंत जाऊच देऊ नका. सुवर्णनगरीत राहून सोनं लिलावाला सोडायचं म्हणजे विहिरीकाठी तहानेने मरायचं. शाखेत जाऊन सोडवण्याची रक्कम लेखी घ्या, नातेवाइकाकडून एका दिवसासाठी तेवढे पैसे फिरवा, दागिना सोडवा, दोन-तीन सराफांकडे शुद्धता तपासून भाव विचारा, बिल घेऊन विका. हॉलमार्क असेल तर घटीवरून वाद कमी. दागिना बायकोचा असेल तर तिच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही, ते स्त्रीधन आहे.

समजा हातात एक लाख उरले. ४५,००० भाड्याची पूर्ण थकबाकी, एकरकमी, नोटिशीच्या उत्तरासोबत. गाडीचे ११ हप्ते म्हणजे ४२,३५० होतात, पण आधी बंद केलं तर पुढचं व्याज सुटतं, कंपनी बंद करण्याचं शुल्क मात्र लावेल. म्हणून फोरक्लोजर पत्र (मुदतीआधी कर्ज बंद करायला किती भरायचे ते सांगणारं) मागवून मग ठरवा. गाडी मोकळी झाली की ३,८५० चा हप्ता गेला. त्यानंतर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे आरसीवरचा बोजा उतरवायचा. हे टाळलं तर पुढे गाडी विकता येत नाही.

उरले दोन हप्ते, १४,२००. बँकेला आणि पतसंस्थेला मुदत वाढवून मागा. १४ टक्के व्याज धरून ६० महिने केले तर पर्सनल लोनचा हप्ता ५,५८४ च्या आसपास येतो आणि पतसंस्थेचा ४,१८८. बेरीज ९,७७२. हातात ८,०००. अजून १,७७२ कमी पडतात, पण दहा हजारांच्या खड्ड्यापेक्षा हा खड्डा बुजण्यासारखा आहे. एकूण व्याज वाढेल आणि क्रेडिट रिपोर्टवर ‘पुनर्गठित’ असा शेरा बसेल, तेही सांगून ठेवतो.

---

चोपडा सहकार

हिशेबीभाऊंनी पतसंस्थेला बँकेच्या पंगतीत बसवलं. तसं करू नका, पतसंस्थेची वसुली वेगळी चालते आणि लवकर चालते.

बँकेला हुकूमनाम्यासाठी कोर्टात जावं लागतं. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडे अर्ज करते आणि चौकशीनंतर वसुली दाखला मिळवते. दाखला हातात आला की कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी जप्ती आणि विक्री करू शकतो. अमळनेरच्या घरावर बोजा नसला तरी त्यातला मेव्हण्याचा हिस्सा या रस्त्याने अडकू शकतो. दुरुस्तीची हत्यारं कारागिराची म्हणून दिवाणी संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून वाचतात. दुकानातल्या मालाला तो आसरा नाही.

१०१ ची नोटीस आली की पुष्कळ लोक फिरकतच नाहीत. तिथेच घात होतो. कारण दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीचा अर्ज) करायचं तर कलम १५४ प्रमाणे वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. १,८०,००० चा दाखला झाला तर ९०,००० भरल्याशिवाय तक्रार ऐकूनच घेत नाहीत. म्हणून चौकशीच्या तारखेलाच खातेउतारा मागायचा, भरलेल्या पावत्या लावायच्या, व्याज आणि दंडव्याज मंजुरीपत्राशी ताडून पाहायचं.

आणि जामीनदार! करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. संस्था आधी जामीनदाराकडे जाऊ शकते. तो नोकरदार असेल आणि पगारकपातीचं संमतीपत्र दिलेलं असेल तर साहेबाच्या टेबलावर पत्र जातं आणि पगारातून कापायला सुरुवात. गावात मग तोंड दाखवायला जागा राहत नाही. माझं मत असं की सगळ्या कर्जांत आधी पतसंस्था सांभाळा, बँक नंतर. आमच्याकडे म्हणतात तसं, कागद शे तं समदं शे. जामीनदारांना आत्ताच विश्वासात घ्या आणि मुदतवाढीच्या अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या. त्यांना न विचारता संस्थेने मुदत वाढवून दिली तर जामीनदार सुटल्याचा वाद उभा राहतो, म्हणून संस्था तशीही सह्या मागेल.

---

गिरणाथडी

बँकेचा वसुलीवाला म्हणतो ‘सेटलमेंट करून टाका, १ लाख ४० हजारांत मिटवतो’. घ्यावी का?

---

तापीकाठ

त्याच्या तोंडच्या शब्दावर नाही.

सेटलमेंटचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत मेलवरून हवं. त्यात कर्ज खात्याचा नंबर, रक्कम, शेवटची तारीख, ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द, हप्त्यांत असेल तर प्रत्येक हप्त्याची तारीख, आणि तारीख चुकली तर काय, हे सगळं. पैसे थेट कर्ज खात्यात भरायचे. वसुलीवाल्याच्या यूपीआयवर भरलेले पैसे कर्जात जमा झाले हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. शेवटचा हप्ता एक दिवस उशिरा गेला तरी काही पत्रांप्रमाणे सवलत रद्द होते आणि पूर्ण बाकी पुन्हा उभी राहते, ते कलम आधी वाचा.

पैसे भरल्यावर ‘नो ड्यूज’ घ्या. क्रेडिट रिपोर्टवर खातं ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ असं दिसेल. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे अशी तडजोड केलेल्या कर्जदाराला, शेतीकर्ज सोडून, तीच संस्था निदान १२ महिने नवं कर्ज देत नाही. मुदतवाढ मिळत असेल आणि ती झेपत असेल तर सेटलमेंट कशाला? १,४०,००० एकदम आणायचे कुठून, हाही प्रश्न आहेच. नव्या ॲपवरून उचलून जुनं मिटवायचं असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना फोन करून बदनामी करणंही मना आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फी नाही. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाही, तिची तक्रार उपनिबंधक सहकारी संस्थांकडे.

आणि दंडाचं बघा: एप्रिल २०२४ पासून बँक आणि फायनान्स कंपनीला थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात चढवलेलं दिसलं तर ते काढून मागा.

---

बिनभाड्याचा

ठीक आहे, चूक मान्य. पण मग दिवाळखोरी जाहीर करता येत नाही का? जुना कायदा आहे म्हणतात.

---

दस्तनोंद

आहे. प्रांतिक दिवाळखोरी कायदा १९२० अजून चालू आहे, कारण त्याला रद्द करणारं नव्या संहितेचं कलम लागू केलेलं नाही. अर्ज जिल्हा न्यायालयात. कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये, यावरून कायद्याचं वय कळेल! पण दिवाळखोर ठरवल्याच्या दिवशी कर्ज माफ होत नाही. मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, म्हणजे अमळनेरच्या घरातला हिस्सा, दुकानातला माल. मुक्ततेसाठी नंतर वेगळा अर्ज करायचा. तारण ठेवून घेतलेला सावकार आपलं तारण विकायला मोकळा असतो. जामीनदार सुटत नाही. सरकारी देणी आणि पोटगी मुक्ततेनंतरही राहतात. दुकानाची जागा भाड्याची असेल तर ती टिकवायला या कायद्याचा काडीचा उपयोग नाही, तिथे शेवटी कलम १५ च.

शिवाय दिवाळखोर ठरलेल्याला स्थानिक संस्थेवर निवडून येता येत नाही. गावात पॅनल उभं करायचा विचार असेल तर तेही लक्षात ठेवा.

या प्रकरणात कमाई चालू आहे आणि खड्डा दहा हजारांचा आहे. इथे हा कायदा नको.

वकिलाची फी परवडत नसेल तर जळगावच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. मेव्हण्याचं उत्पन्न कागदावर किती दिसतं ते बघा. लोक अदालतीत बँकेशी तडजोड करता येते, पण तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. झेपणार नाही अशा हप्त्यावर तिथे सही केली तर बँकेला फुकटात हुकूमनामा मिळाला असं समजा.

---

गिरणाथडी

सगळ्यांचे आभार. सोन्याचा हिशेब उद्याच काढायला सांगतो. एक गोष्ट मात्र त्याने आत्ता सांगितली. त्या कंपनीला २,००० टोकन देऊन झालंय, आधार-पॅनचे फोटो आणि एका कोऱ्या ‘अधिकारपत्रा’वर सहीसुद्धा.

---

तापीकाठ

मग सोन्याच्या आधी हे.

आजच मेलवर आणि रजिस्टर पोस्टाने कंपनीला कळवा: अमुक तारखेचं अधिकारपत्र रद्द केलं आहे, माझ्या वतीने कोणाशीही पत्रव्यवहार करू नये, २,००० परत करावेत. त्याच पत्राची प्रत बँक, फायनान्स कंपनी आणि पतसंस्था या तिघांना द्या, आणि पोच घ्या.

मग तिन्ही ठिकाणी जाऊन नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल तपासा. अशा अधिकारपत्राच्या जोरावर कर्जदाराचा संपर्क बदलून स्वतःचा टाकता येतो. तसं झालं तर कलम २५ ची किंवा १३८ ची नोटीस मेव्हण्यापर्यंत पोहोचणारच नाही, १५ दिवस निघून जातील आणि त्याला वाटत राहील की ‘ऑर्डर’ चालू आहे. ऑटो-डेबिट रद्द करण्याचा अर्ज त्याच्या नावाने गेलाय का, तेही शाखेत विचारा. क्रेडिट रिपोर्ट काढून नवं कर्ज निघालेलं नाही ना ते बघा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. खात्यातून परस्पर पैसे गेलेले दिसले तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन.

भाड्याच्या नोटिशीचं उत्तर त्यांनी परस्पर पाठवलंय का, हे मालकालाच विचारा. पाठवलं असेल आणि त्यात ‘भाडं देणं लागत नाही’ असं काही लिहिलं असेल तर वकिलाकडून ते उत्तर मागे घेऊन नवं द्या, ९० दिवस संपायच्या आत.